आधी कार्डाचा आकडा, मग मॉनिटर

२०२० पासून माझ्या कॅबिनेटमध्ये ६ जीबीचं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड होतं आणि टेबलावर २४ इंची, १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल), ७५ हर्ट्झचा मॉनिटर. जोडी एकमेकांना शोभणारी होती. कार्ड जेवढं चित्र काढायचं, तेवढं मॉनिटर दाखवायचा. २०२५च्या दिवाळीत कार्ड बदललं आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० आणलं. मॉनिटरही बदलायचा हे तेव्हाच ठरलेलं होतं, पण कोणता घ्यायचा हे मी मुद्दाम मागे ठेवलं. कार्ड माझ्या मशीनवर, माझ्या प्रोसेसरबरोबर, माझ्या गेम्समध्ये नक्की किती पळतं ते आधी बघायचं आणि मग दुकानात जायचं, असा बेत होता. गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम एकदा तरी करून बघावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

कार्डाबद्दल थोडक्यात. ५०७०मध्ये मेमरी १२ जीबी आहे. त्याच किमतीच्या आसपास एएमडीचं आरएक्स ९०७० मिळत होतं, तेही १६ जीबीचं, आणि फक्त गेमसाठी घ्यायचं असतं तर मी तेच घेतलं असतं. पण मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही काम करतो आणि तिथे एनव्हिडियाचं कार्ड मला सोयीचं पडतं. जुनं कार्ड १२५ वॉटचं होतं, नवं २५० वॉटचं. कंपनी ६५० वॉटची पॉवर सप्लाय सांगते आणि माझी पॉवर सप्लाय (एसएमपीएस) तेवढ्याचीच होती, त्यामुळे तो खर्च वाचला. प्रोसेसर रायझन ५ ५६००, तोही तसाच राहिला.

कार्ड बसवलं आणि जुन्याच मॉनिटरला जोडलं. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, तयार होतात ते दाखवणारा कोपऱ्यातला आकडा १००च्या पुढे गेला, पण ७५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ७५ वेळाच चित्र बदलू शकतो. वरच्या फ्रेम एकतर दिसत नाहीत किंवा अर्धं जुनं, अर्धं नवं चित्र एकदम येतं आणि कॅमेरा फिरवला की पडदा आडवा फाटल्यासारखा दिसतो. हे होणार हे माहीतच होतं. या जुन्या मॉनिटरवर मला खेळायचं नव्हतं, मोजायचं होतं.

आता मोजण्याची युक्ती. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डीएसआर फॅक्टर्स’ नावाची सोय आहे. त्यात १.७८ पट निवडलं की १०८० पी मॉनिटरवरही कार्ड २५६० बाय १४४०चं चित्र तयार करतं आणि मग ते लहान करून पडद्यावर दाखवतं. ४ पट निवडलं की ३८४० बाय २१६०, म्हणजे फोर के. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये याच कामासाठी व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन आहे. मॉनिटर विकत न घेता, घरबसल्या, आपलं कार्ड कोणत्या रिझोल्यूशनला किती फ्रेम देईल हे यातून कळतं. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झला बांधून ठेवणारी सोय) बंद ठेवायचं, फ्रेमवर कुठली मर्यादा घातली असेल तर काढायची आणि गेममधली एकच जागा, एकच रस्ता प्रत्येक वेळी फिरायचा. कार्डाला मॉनिटर जुना आहे की नवा याच्याशी देणंघेणं नसतं. किती पिक्सेल रंगवायचे एवढंच ते बघतं, त्यामुळे खऱ्या १४४० पी मॉनिटरवर येणारा आकडा जवळपास हाच असतो.

आणि पिक्सेलचं गणित लोक समजतात त्यापेक्षा बरंच कडक आहे. १०८० पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४० पीला ३६.९ लाख, फोर केला ८२.९ लाख. फोर के म्हणजे १०८० पीच्या चौपट काम आणि १४४० पीच्या सव्वादोन पट. ‘दुप्पट एचडी’ अशी जी समजूत असते ती इथे उपयोगाची नाही.

सायबरपंक २०७७मध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढण्याची जड सोय) बंद आणि बाकी सगळं अल्ट्रावर ठेवून मला १४४० पीला नव्वदच्या आसपास फ्रेम मिळत होत्या, फोर केला चाळीसच्या घरात. १०८० पीला आकडा शंभरीपार गेला, पण तिथे एक वेगळीच गोष्ट दिसली. कार्डाचा वापर शंभर टक्क्यांवरून खाली घसरला. म्हणजे कार्ड मोकळं बसून होतं आणि प्रोसेसर पुढची फ्रेम तयार करून देईपर्यंत वाट बघत होतं. हा मला सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटला. रिझोल्यूशन कमी केलं की ओझं कार्डावरून प्रोसेसरवर सरकतं. मी १०८० पीवरच राहिलो असतो तर या कार्डासाठी मोजलेल्या पैशांतला बराचसा भाग रायझन ५६००च्या मागे रांगेत उभा राहिला असता. १४४० पीला मात्र कार्ड पूर्ण कामाला लागत होतं आणि फ्रेमही पोटभर मिळत होत्या.

व्हॅलोरंटमध्ये याच्या अगदी उलट. तिथे रिझोल्यूशन वाढवलं तरी आकडा फारसा हलला नाही, कारण तो गेम मुळातच प्रोसेसरवर चालतो. एल्डन रिंग तर ६० फ्रेमच्या पुढे जातच नाही, गेममध्येच तशी मर्यादा आहे. तुम्ही मुख्यतः असेच गेम खेळत असाल तर २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर पैसे घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करण्याची एनव्हिडियाची सोय, तिचा हिशेब मी वेगळा ठेवला. १४४० पीला डीएलएसएस क्वालिटीवर टाकलं की आतून चित्र ९६० पीच्या आसपास तयार होतं आणि मग मोठं केलं जातं. दिसायला ते इतकं चांगलं असतं की मी ते बिनदिक्कत वापरतो. फोर केला परफॉर्मन्स मोड लावला की आतलं चित्र १०८० पीचं असतं आणि आकडा साठच्या बराच पुढे जातो, हेही खरं आहे. पण फ्रेम जनरेशनच्या फ्रेम मी हिशेबात धरल्याच नाहीत. ५०७० प्रत्येक खऱ्या फ्रेममागे एकाहून जास्त फ्रेम स्वतः तयार करून मध्ये घालू शकतं, आकडा डोळे दिपवणारा होतो, हालचाल गुळगुळीत दिसते. माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ मात्र खऱ्या फ्रेमवरच ठरतो. मॉनिटर निवडताना खरा आकडाच धरावा, वरचं मिळालं तर आनंदच.

मी हे आकडे वहीत उतरवत होतो तोवर घरात आणि ऑफिसात सल्ले सुरू झाले होते. भाचा म्हणाला, “मामा, २४ इंची, २४० हर्ट्झ. बाकी काही बघूच नकोस.” तो रोज संध्याकाळी व्हॅलोरंट खेळतो, त्यामुळे त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं बरोबरच होतं. हिंजवडीतल्या ऑफिसातला मित्र म्हणाला, “एवढं कार्ड घेतलंस आणि फोर के नाही घेणार? मग घेतलं कशाला?” त्याच्या घरी ३२ इंची फोर के आहे, तो कारचे गेम खेळतो आणि ते चित्र खरोखर देखणं दिसतं. पण नव्या गेम्समध्ये फोर केची टेक्स्चर्स १२ जीबी मेमरीला लवकर भिडतात आणि हे कार्ड मला निदान चार-पाच वर्षं वापरायचं आहे. आज काठावर चालणारी गोष्ट तीन वर्षांनी काठाच्या बाहेर गेलेली असेल.

हर्ट्झच्या बाबतीत मी आकडा सोडून मिलिसेकंद बघितले, त्यामुळे चित्र स्वच्छ झालं. ७५ हर्ट्झला एक फ्रेम १३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १८० हर्ट्झला ५.६ आणि २४० हर्ट्झला ४.२. म्हणजे ७५वरून १८०वर गेलं की पावणेआठ मिलिसेकंद कमी होतात, आणि तिथून २४०वर गेलं की जेमतेम दीड. स्पर्धेत उतरणाऱ्याला तो दीडही लागतो. मला १६५ ते १८०च्या मधलं काहीही चालणार होतं.

राहिला आकार. माझं टेबल भिंतीला लागून आहे, खोली दोन फूट. २७ इंचावर १०८० पी घेतलं तर इंचाला ८२ पिक्सेल येतात, १४४० पीला १०९, फोर केला १६३. ३२ इंची १४४० पी आणि २४ इंची १०८० पी यांची घनता एकच, सुमारे ९२. त्यामुळे मोठा पडदा घेतला म्हणून बारकावे वाढतात असं नाही.

इथे बाबांचा मुद्दा आला. सकाळी तेच टेबल त्यांचं असतं. चहा घेऊन ते ई-पेपर वाचतात आणि शक्यतो झूम करत नाहीत, पान पूर्ण दिसलं पाहिजे. मॉनिटरविषयीची जवळपास सगळी चर्चा इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते. देवनागरीत रफार, अनुस्वार, उकार हे सगळं वर-खाली रचलेलं असतं आणि त्याच उंचीत बसवायचं असतं. ८२च्या घनतेवर ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखायला क्षणभर थांबावं लागतं, जोडाक्षरांचा गोळा होतो. १०९वर ‘पूर्वार्ध’ सारखा शब्द लहान टायपातही मोकळा दिसतो, आणि विंडोजमध्ये अक्षरं मोठी करावी लागत नाहीत. फोर केवर अर्थात याहून सुरेख दिसतात. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, “मला चष्मा बदलावा लागणार नाही ना?”

तर दुकानात जाण्याआधीच एवढं पक्कं होतं: २७ इंच, १४४० पी, १६५ किंवा १८० हर्ट्झ. फक्त पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार (आयपीएस, व्हीए की ओएलईडी), ठरायचं होतं, आणि ते घरबसल्या ठरत नाही.

पुण्यात टिळक रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत कॉम्प्युटरच्या भागांची दुकानं आहेत. एस. पी. कॉलेजच्या बाजूला गाडी लावून मी चालतच फिरलो. ऑनलाइन भाव हजार-दीड हजाराने कमी दिसत होता, तरी मॉनिटर डोळ्यांनी बघूनच घ्यायचा होता. एका दुकानात मालकांनी आधी वक्र पडद्याचा व्हीए मॉनिटर पुढे केला. “साहेब, गेमिंगवाले सगळे हाच नेतात. एक एमएसचा आहे.”

या एक एमएसबद्दल, म्हणजे एक मिलिसेकंदाबद्दल, दोन शब्द. खोक्यावर लिहिलेला तो आकडा कधी एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ असतो, तर कधी बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला वेगळाच आकडा असतो, आणि दोन्ही आकडे सगळ्यात अनुकूल परिस्थितीतले असतात. त्यावरून दोन मॉनिटरांची तुलना होत नाही.

मी म्हटलं, “काका, ब्राइटनेस जरा खाली आणता का? आणि काळ्या पानावर काहीतरी सरकवून बघू या.”

“बघा की. तुम्हीच बसा ना खुर्चीवर.”

त्यांनी वरची ट्यूबलाइटही बंद केली, याचं मला फार बरं वाटलं. दुकानाच्या लख्ख उजेडात आणि पूर्ण ब्राइटनेसवर सगळे मॉनिटर छानच दिसतात. अंधार केल्यावर दोन्ही पॅनेलांचे स्वभाव समोर आले. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा होता. त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण ३०००ला १ असतो, आयपीएसचा १०००ला १. पण गडद करड्या पार्श्वभूमीवर काळी आकृती सरकवली की तिच्यामागे शाईचा ओघळ आल्यासारखा दिसत होता. गडद छटांमध्ये व्हीएचे पिक्सेल सावकाश बदलतात, त्याचा हा परिणाम. मी खेळतो त्या गेम्समध्ये रात्र आणि गुहा भरपूर असतात, म्हणून व्हीए बाजूला ठेवला. सिनेमे जास्त बघणाऱ्याने मात्र त्याचा जरूर विचार करावा.

दुसऱ्या एका दुकानात ओएलईडी लावून ठेवलेला होता. त्यापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो, त्यामुळे काळं म्हणजे पूर्ण बंद, आणि हालचाल इतकी स्वच्छ की डोळे निवतात. किंमत माझ्या अंदाजाच्या दुपटीच्या पुढे होती, पण नुसतं तेवढंच कारण नव्हतं. त्यावर मी एक मराठी पान उघडायला सांगितलं. तो क्यूडी-ओएलईडी होता. त्यात लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल एका रांगेत नसतात, त्रिकोणात मांडलेले असतात, आणि त्यामुळे आडव्या कडांना रंगाची झाक येते. आपल्या लिपीत तर प्रत्येक शब्दावर आडवी रेघ! शिरोरेषेच्या वर-खाली हिरवट-गुलाबीसर कड जवळून स्पष्ट दिसत होती. शिवाय दिवसभर तेच टूलबार, तोच टास्कबार पडद्यावर असणाऱ्याला ओएलईडीवर डाग उमटण्याची काळजी करावी लागते. फक्त गेमसाठी वेगळं मशीन असतं तर मी आणखी थांबून पैसे जमवले असते.

म्हणून आयपीएस. आता कंपनी कोणती, यावर मी फारसा अडून बसलो नाही. मॉनिटर विकणारी नावं पुष्कळ असली तरी पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, आणि एकाच पॅनेलचे मॉनिटर निरनिराळ्या नावांनी विकले जातात. मी चार गोष्टी बघितल्या: स्टँड खाली-वर होतो का, डिस्प्लेपोर्ट आहे का, अडॅप्टिव्ह सिंकची (त्याबद्दल पुढे सांगतो) रेंज कुठून सुरू होते आणि सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे का. खोक्यावरचं ‘एचडीआर ४००’ (जास्त उजळ आणि जास्त गडद चित्राचा दावा) मी सोडून दिलं. त्या पातळीला पडद्याचे भाग वेगवेगळे मंद-प्रखर व्हावेत अशी अटच नाही, त्यामुळे खऱ्या एचडीआरचा अनुभव त्यातून येत नाही.

अडॅप्टिव्ह सिंकबद्दल मात्र आग्रह धरा. कार्डाची फ्रेम तयार झाली की मॉनिटर तेव्हाच चित्र बदलतो, त्यामुळे पडदा फाटत नाही आणि अडखळतही नाही. पूर्वी एनव्हिडियाच्या कार्डाला खास जी-सिंकचा महागडा मॉनिटरच लागायचा. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी साध्या अडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरांनाही पाठिंबा दिला, तेव्हापासून ही अडचण राहिली नाही. माझ्या मॉनिटरची रेंज ४८ ते १८० आहे. फ्रेम ४८च्या खाली गेल्या तर ड्रायव्हर तीच फ्रेम दोनदा दाखवून सांभाळून घेतो. एल्डन रिंगचे ६० या रेंजमध्ये आरामात बसतात.

पैसे देण्याआधी खोकं दुकानातच उघडायला लावलं. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत एखाद-दुसऱ्या डेड (बंद पडलेल्या) पिक्सेलसाठी मॉनिटर बदलून मिळत नाही, त्यामुळे जे काही बघायचं ते पावती होण्याआधी. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून बघितले. पहिल्या पिसाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून बॅकलाइटचा पिवळट उजेड झिरपत होता. आयपीएसमध्ये थोडी चमक असतेच आणि आपण मान हलवली की तीही हलते. हा उजेड मात्र जागचा हलत नव्हता. दुकानदारांनी कुरकुर न करता दुसरा पीस काढला, तो एकसारखा होता. जीएसटीसकट बावीस हजारांच्या आत काम झालं. ज्या दुकानात खोकं उघडून दाखवायला नकार मिळेल, तिथून मॉनिटर घेऊ नका, हजार रुपये कमी असले तरी.

घरी आल्यावरची जुळवाजुळवही तेवढीच महत्त्वाची. सोबत एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट अशा दोन्ही केबल होत्या. मॉनिटरचं एचडीएमआय २.० असेल तर १४४० पीला १४४ हर्ट्झच्या पुढे जाता येत नाही, म्हणून डिस्प्लेपोर्टची केबल लावली, आणि तीही कार्डाला, मदरबोर्डाला नाही. विंडोज नवा मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झवरच सुरू करतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १८० निवडावं लागतं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत अडॅप्टिव्ह सिंक चालू केलं, मग एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेल लवकर बदलायला लावणारी सोय, मधल्या पायरीवर ठेवली. सगळ्यात वरच्या पायरीवर सरकत्या वस्तूच्या मागे पांढरट सावली येते. फ्रेमची मर्यादा १७५ला बांधली, म्हणजे गेम कायम अडॅप्टिव्ह सिंकच्या रेंजमध्ये राहतो. आणि ब्राइटनेस बराच खाली आणला. खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, तरीही कारखान्यातून आलेला ब्राइटनेस रात्री डोळ्यांना झोंबत होता.

एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कार्डाचे वॉट दुप्पट झाले की जुना यूपीएसही पुन्हा तपासावा लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार घेतो आणि गेम चालू असताना कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून त्याच्या पुढे जातात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज मिनिटभर जाते-येते, म्हणून यूपीएस मोठा घेतला.

सायबरपंक पुन्हा त्याच रस्त्यावर फिरवून बघितला. मोजलेला आकडा आणि मिळालेला आकडा जवळपास सारखाच निघाला, पण दिसण्यात पडलेला फरक कुठल्याही आकड्यात मावणारा नाही. पावसात भिजलेल्या रस्त्यावरच्या पाट्या धावताना वाचता येत होत्या. जुन्या मॉनिटरवर मान वळवली की सगळं धूसर व्हायचं, इथे वळता वळताच खिडकीतला माणूस दिसला. मी त्या गेममध्ये बरेच तास घालवले आहेत आणि ती खिडकी मला त्याआधी कधी दिसलीच नव्हती.

भाचा रविवारी येऊन खेळून गेला. उठताना म्हणाला, “मामा, मग मी २४०चाच घेऊ ना?” त्याच्याकडे जीटीएक्स १६५० आहे. मी त्याला व्हॅलोरंटमध्ये फ्रेमचा आकडा चालू करून, सामना जोरात असतानाचा सगळ्यात कमी आकडा टिपायला सांगितला. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: धुराच्या आणि गोळीबाराच्या गर्दीत आकडा दीडशेच्या आसपास येतो. त्याच्या मशीनमध्ये रॅमची एकच स्टिक आहे, त्यामुळे मेमरी एकाच चॅनेलवर चालते आणि प्रोसेसरवर चालणाऱ्या गेमला ते जाचतं. आधी तशीच दुसरी स्टिक टाकायची आणि पुन्हा मोजायचं, असं आमचं ठरलं आहे. आकडा दोनशेच्या खालीच राहिला तर १६५ हर्ट्झचा मॉनिटर त्याला पुरेल, आणि उरलेले पैसे पुढच्या कार्डासाठी राहतील.